वाढदिवसाची घरची प्रथा: वाईट वर्षीही जमेल एवढीच

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी येत्या ऑगस्टमध्ये पाच वर्षांची होईल. गेल्या वर्षी त्यांनी हॉल घेतला, साठेक माणसं बोलावली, जादूगार आणला. ज्या मुलीसाठी हे सगळं केलं ती फुगे फुटायच्या आवाजाने घाबरून रडली आणि केक कापायच्या आधीच बाबांच्या खांद्यावर झोपून गेली. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आजी-आजोबा सांगलीला. त्या विचारतात, "मोठा खर्च आता करायचा नाही. पण मोठेपणी तिला आठवावं असं घरचं काहीतरी सुरू करायचं आहे. काय करू, आणि कुठून सुरुवात करू?"

ताई, मी २६ वर्षं बालवाडी चालवली. शाळेत मुलांचे वाढदिवस केले, घरी माझ्या दोन मुलांचे केले, आणि बालवाडीतली मुलं मोठी होऊन भेटायला आली की त्यांच्या तोंडून त्यांच्या घरच्या वाढदिवसांच्या गोष्टीही ऐकल्या. एवढ्यावरून एक गोष्ट मी खात्रीने सांगते. प्रथा किती मोठी ठेवायची, हे चांगल्या वर्षावरून ठरवू नका. घरात आजारपण असेल, नोकरी गेलेली असेल, बदली झाली असेल, त्या वर्षीही जमेल एवढीच ठेवा. त्यावर जे काही होईल ते त्या वर्षीची हौस. हौस वर्षागणिक बदलली तरी चालते, प्रथा बदलायची नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते. माझा मुलगा सात वर्षांचा झाला त्या दिवशी सासरे हॉस्पिटलमध्ये होते. आदल्या रात्रीपासून मी तिथेच होते. सकाळी नवरा मुलाला शाळेच्या गणवेशातच घेऊन आला. वॉर्डात लहान मुलांना सोडत नव्हते, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात, खिडकीखालच्या पायरीवर त्याला बसवलं. डब्याचं झाकण हेच तबक. कुंकू कागदाच्या पुडीत आणलेलं, अक्षता म्हणजे घरून आणलेले चिमूटभर तांदूळ. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटच्या जवळपास निरांजन पेटवायचं नव्हतं, म्हणून सुपारी आणि माझ्या बोटातली अंगठी, एवढ्यानेच ओवाळलं. मग मी त्याला त्याची गोष्ट सांगायला लागले, "तू झालास त्या रात्री आपल्या गल्लीतले दिवे गेले होते..." आणि तो लगेच म्हणाला, "आणि बाबांनी दुकानदाराला उठवून मेणबत्त्या आणल्या." दर वर्षी तो हे वाक्य इथेच म्हणायचा. पाच मिनिटांत सगळं उरकलं आणि तो शाळेत गेला. आज तो तिशी ओलांडून गेला आहे. सहाव्या वाढदिवसाला सायकल आणली होती, ती कोणत्या वर्षी आणली हे त्याला सांगता येत नाही. तो जिना मात्र त्याला पायरीसकट आठवतो.

लहान मुलांच्या आठवणीचं गणित मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. आपल्यापैकी बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याच्या आधीचं जे 'आठवतं' ते घरच्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं असतं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाला केलेला थाट मोठ्यांसाठी असतो, आणि त्यात वावगं काही नाही. आई-बाबांनाही आनंद करायचा हक्क आहे. तीन ते सहा या वयात मूल एखादा प्रसंग सुटा फारसा साठवत नाही, 'आमच्याकडे असं असतं' हे साठवतं. बालवाडीत मी विचारायची, वाढदिवसाला काय करतात रे? तीन वर्षांचं पोरही सांगायचं, आंघोळ करतात, नवीन कपडे घालतात, आजी ओवाळते, मग केक. मागच्या वर्षी काय झालं ते विचारलं तर गप्प. म्हणजे क्रम पक्का आणि प्रसंग पुसट. जी गोष्ट दर वर्षी त्याच जागी, त्याच क्रमाने येते ती या वयात मनात घर करते. एकदाच आलेला जादूगार येतो तसा निघून जातो.

आणखी एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॅकलिन वूली या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या. एका मुलाची वाढदिवसाची पार्टी झाली, एकाची झालीच नाही, एकाच्या दोन झाल्या. तर आता कोण किती वर्षांचं? बऱ्याच लहान मुलांना वाटत होतं की पार्टीमुळेच वय वाढतं. आपल्याकडेही हे दिसतं. एका मुलीचा वाढदिवस घरात सुतक असल्यामुळे केला नव्हता, तर ती महिनाभर सांगत होती, "मी अजून तीनच वर्षांची आहे, माझा वाढदिवस व्हायचाय." तिला केक नको होता. आपण चार वर्षांचे झालो हे कुणीतरी आपल्याला समोर बसवून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. शेवटी आम्ही वर्गात तिला पाटावर बसवलं, सगळ्या मुलांनी चार टाळ्या मोजून वाजवल्या, आणि ती घरी जाऊन म्हणाली, मी झाले चार वर्षांची.

तेव्हा पहिली प्रथा औक्षणाचीच धरा. ती तुमच्या घरात आहेच, तिला नीट जागा करून द्या. संध्याकाळी पाहुण्यांच्या गर्दीत घाईघाईने उरकू नका. सकाळी, आंघोळ झाल्या झाल्या, घरातलीच माणसं असताना करा. पाट, पाटाभोवती चार रेघांची का होईना रांगोळी, तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. आदल्या रात्री तबक तिच्याकडून लावून घ्या. पाच वर्षांच्या मुलीला वात नीट वळता येत नाही, पण फुलवात तुपात बुडवून निरांजनात ठेवता येते, आणि अक्षतांना कुंकू चोळायला तर फारच आवडतं. ओवाळायला घरातल्या सगळ्यांना येऊ द्या. आमच्याकडे आधी बायकाच ओवाळायच्या. माझ्या मुलाने नऊ वर्षांचा असताना विचारलं की ताईला मी का नाही ओवाळायचं, तेव्हापासून बाबा आणि भाऊ दोघंही ओवाळतात. भावाने पहिल्यांदा ओवाळलं तेव्हा निरांजन इतकं हळू फिरवलं की तूप सांडेल की काय या भीतीने सगळ्यांचा श्वास थांबला होता.

जुन्या घरांतून वाढदिवसाला, त्याला वर्धापन म्हणत, तीळ आणि गूळ घातलेलं दूध ओंजळीत घेऊन प्यायची रीत होती. सोबत मार्कंडेयाचं आणि सात चिरंजीवांचं स्मरण: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम. तुमच्या सासूबाईंना किंवा आईला विचारा, त्यांच्या लहानपणी हे होत असे का. असेल तर अवश्य सुरू करा. ओंजळभर तिळगुळाचं दूध पोरांना फार आवडतं आणि सातातली एकेक गोष्ट एकेका वर्षी सांगितली तर सात वर्षांची बेगमी होते. देवाधर्माचं करत नसाल तर नुसतं निरांजन आणि फूलही चालेल. औक्षणाचा गाभा एकच आहे: तिला समोर बसवून, तिच्याकडे पाहून, दोन मिनिटं दुसरं काहीही न करणं. म्हणून फोन बाजूला. एक फोटो काढायचा, दर वर्षी त्याच जागी, आणि मग फोन दुसऱ्या खोलीत.

मेणबत्त्या फुंकाव्यात की नाही यावरून कित्येक घरांत आजी आणि सूनबाईंचं वाजतं. दिवा विझवणं आजीला पटत नाही. पोरांना तर फुंकर मारायची असतेच. मी सांगते, भांडू नका. सकाळी दिवा लावायचा, संध्याकाळी केक कापायचा. काही घरांत मेणबत्त्या फुंकत नाहीत, वय असेल तेवढ्या पणत्या लावतात आणि त्या आपणहून शांत होईपर्यंत मूल तिथेच खेळतं. तेही सुंदर दिसतं.

दुसरी प्रथा गोष्टीची. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची हीच, आणि तिला एक रुपया लागत नाही. औक्षण झालं की तिला मांडीवर घेऊन 'तू झालीस तो दिवस' सांगायचा. पाऊस होता का, रिक्षा मिळाली का, डॉक्टर काय म्हणाले, बाबांनी सकाळपासून काय खाल्लं होतं, सगळ्यात आधी फोन कुणाला केला, दुपट्याचा रंग कोणता होता. बारीकसारीक तपशीलच पोरांना लागतात. पहिलं वाक्य दर वर्षी तेच ठेवा, अक्षराचाही फरक नको. दोन-तीन वर्षांत ती तुमच्या आधी ते वाक्य पुरं करायला लागेल. ती मध्ये काही विचारेल, तेव्हा "हो" म्हणून पुढे जाऊ नका, "तुला काय वाटतं, आजोबा तेव्हा काय म्हणाले असतील?" असं उलट विचारा. आठवणींवर काम करणाऱ्या रॉबिन फिवुश यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं आहे: आई-वडील मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल असे मोकळे प्रश्न विचारत, तपशील भरत बोलले, तर त्या मुलांना स्वतःच्या आयुष्याबद्दल अधिक आणि अधिक नीट सांगता येतं.

काही घरांत ही गोष्ट सरळ नसते, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. बाळंतपण अवघड गेलं असेल, बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, तर ते लपवू नका, पण पाच वर्षांच्या मुलीला पुरेल एवढंच सांगा: "तू इवलीशी होतीस, म्हणून पेटीत उबेला ठेवलं होतं, आणि बाबा काचेतून तुझ्याशी बोलायचे." ती मोठी होईल तशी गोष्टही मोठी होईल. मूल दत्तक घेतलं असेल तर गोष्ट 'तू घरी आलीस त्या दिवसाची' असते. अशा दोन घरांत मी पाहिलं आहे की घरी आल्याचा दिवस वेगळा पाळतात आणि जन्मदिवसाला जन्मदात्या आईचा एका वाक्यात मायेने उल्लेख करतात. ज्या घरात आई किंवा बाबा आता नाहीत, तिथे गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगावी, पण त्या माणसाला गोष्टीतून वगळू नये. जुळी असतील तर पाट दोन, औक्षण दोनदा आणि गोष्टीही दोन. जुळ्यांना वर्षभर 'तुम्ही दोघं' म्हणून हाक मारली जाते, एवढा एक दिवस तरी प्रत्येकाला त्याची त्याची गोष्ट मिळू दे.

आजी-आजोबांची गोष्टही याच दिवशी निघते, ती निघू द्या. आपल्याकडे कितीतरी आजी-आजोबांचा कागदावरचा वाढदिवस १ जून असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी जूनची पहिली तारीख लिहून टाकली. खरा जन्म कधीचा विचारलं की कुणी सांगतं, पानशेत फुटलं त्या पावसाळ्यातला, म्हणजे १९६१. कुणी म्हणतं कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मी पाळण्यात होते, म्हणजे १९६७. कुणी ७२ च्या दुष्काळातलं. तुमच्या मुलीच्या आजोबांना विचारून पाहा. १ जूनवाले निघाले तर त्यांचा वाढदिवस नातीला ठरवू द्या. आमच्या बालवाडीतल्या एका मुलाने आजीला विचारलं, तुला कोणता महिना आवडतो? ती म्हणाली श्रावण. तेव्हापासून त्यांच्याकडे श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आजीचा वाढदिवस असतो आणि ओवाळतो नातू.

श्रावणावरून आठवलं, तुमच्या मुलीचा वाढदिवस ऑगस्टमध्ये. तिथी पाहून ठेवा, बहुधा श्रावणातलीच निघेल. तिथी दर वर्षी साधारण ११ दिवस मागे सरकते आणि अधिक मासाच्या वर्षी पुन्हा पुढे येते. मग १९ वर्षांनी तारीख आणि तिथी जवळपास एकाच दिवशी येतात. तिला आत्ताच सांगून ठेवा की तू १९ वर्षांची होशील तेव्हा तुझे दोन्ही वाढदिवस गळाभेट घेणार. पोरांना अशी लांबची वाट पाहायला फार आवडतं. दोन दिवसांचा व्यवहारातही उपयोग होतो: तिथीला घरचं औक्षण आणि जेवण, तारखेला मित्रमैत्रिणी. नोकरी करणाऱ्यांना दोन्ही एकाच दिवशी ओढत बसावं लागत नाही.

आपल्या पंचांगात लेकरांना ओवाळायचे दिवस पुष्कळ आहेत. श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा आणि मुलांचं औक्षण, कोजागरीला थोरल्या अपत्याची आश्विनी, आणि श्रावण अमावस्येला पिठोरी. पिठोरीला आई वाण डोक्यावर धरते, मागे वळून न पाहता विचारते, "अतिथी कोण?" आणि मागे उभं असलेलं मूल "मी आहे" म्हणून ते घेतं. ही दोन शब्दांची सवाल-जबाबाची रीत मी वाढदिवसालाही उचलली. बालवाडीत मूल दाराबाहेर उभं राहायचं, आतून सगळे विचारायचे, "कोण आलंय?" ते म्हणायचं, "पाच वर्षांची मी." मग दार उघडायचं. घरी करून पाहा, सकाळी खोलीतून बाहेर येतानाच.

मॉन्टेसरी शाळांतला वाढदिवसही घरी करण्यासारखा आहे. मध्ये दिवा ठेवतात, तो सूर्य. मूल हातात पृथ्वीचा गोल घेऊन त्याभोवती जेवढं वय तेवढ्या फेऱ्या घालतं आणि प्रत्येक फेरीला त्या वर्षीची एक गोष्ट सांगतात: पहिल्या फेरीत रांगायला लागलीस, दुसरीत 'पाणी' म्हणायला लागलीस, तिसरीत शाळेच्या दारात रडलीस आणि चौथीत मागे वळूनही पाहिलं नाहीस. पृथ्वीचा गोल नसेल तर चेंडू घ्या. वर्षातून एकदा पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणजे काय, हे तिला शाळेत शिकवायच्या आधी पायांना कळलेलं असेल.

आता वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, एकच, अठरा वर्षं पुरेल अशी. दर वर्षी तेच सहा प्रश्न विचारायचे आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं: आवडती भाजी, जिवलग मैत्रीण, कशाची भीती वाटते, या वर्षी नवीन काय यायला लागलं, मोठेपणी कोण होणार, आई-बाबांची कोणती सवय आवडत नाही. शेवटचा प्रश्न गाळू नका. त्याचं उत्तर ऐकून समजावायला किंवा रागवायला जाऊ नका, लिहून घ्या फक्त. पानाच्या तळाशी पेन्सिलीने तिच्या पंजाची कड काढा. सात-आठ वर्षांची झाली की ती स्वतः लिहील. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका. वर्षभर वही कपाटात वर ठेवा, त्या एका दिवशीच खाली काढा. माझ्या मुलीने पाचव्या वर्षी 'मोठेपणी कोण होणार' याला सांगितलं होतं, "कंडक्टर, कारण त्याच्याकडे सुट्टे पैसे असतात." ते पान ती लग्नाच्या आधल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवत होती.

उंची मोजायची तर तीही त्याच सकाळी. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर आडवं पुस्तक, आणि खूण. सकाळीच मोजा, दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे दर वर्षीची खूण स्पष्ट दिसते. तुमचं घर भाड्याचं आहे, तेव्हा दाराच्या चौकटीवर खुणा करू नका. सुताराकडून दीड मीटरची लाकडी पट्टी करून घ्या. घर बदललं की पट्टी सोबत येईल. एका कुटुंबाला दारावरच्या खुणा मागे सोडून जाताना मी पाहिलं आहे, आईने निघताना त्या ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतल्या होत्या.

पाच वर्षांपासून पुढे मी सगळ्या पालकांना सांगते ती प्रथा म्हणजे 'एक हक्क, एक काम'. वाढदिवसाला भेटवस्तू मिळो न मिळो, घरात एक नवा हक्क मिळतो आणि एक नवं काम मिळतं, दोन्ही एकाच वेळी, औक्षणानंतर सगळ्यांसमोर जाहीर करून. पाचव्याला हक्क: रविवारचा नाश्ता काय ते तू ठरवणार. काम: जेवायच्या वेळी सगळ्यांचे पाण्याचे पेले भरणार. सहाव्याला: रात्री झोपताना दहा मिनिटं दिवा चालू ठेवून पुस्तक बघायचं, आणि स्वतःचा डबा धुवायला टाकायचा. सातव्याला: खालच्या दुकानातून एकटीने वस्तू आणायची, तेच हक्क आणि तेच काम. दहाव्याला घराची किल्ली. हक्क खरा असला पाहिजे, दिलेला परत काढून घ्यायचा नाही, शिक्षा म्हणूनही नाही. आणि कामात तिची चूक झाली तर तिच्या हातातून काम घेऊ नका. पेला सांडला तर पुसायचं फडकं द्या. मूल मोठं होतंय याचा पुरावा त्याला त्याच्या रोजच्या दिवसात दिसला पाहिजे, आणि पाण्याचा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीचा चेहरा पाहिलात की मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

पार्टीबद्दल थोडक्यात. वय तेवढेच मित्र बोलवा, पाचाला पाच. दीड तास पुरे. तिला फुग्यांच्या आवाजाची भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक आहे, तर फुगे नकोतच, कागदी पताका लावा. रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांवर पैसे घालवू नका, निघताना प्रत्येकाला तिच्या हातचं एक चित्र द्या. शाळेत वाटायला चॉकलेटांऐवजी वर्गाच्या पेटीसाठी एक गोष्टीचं पुस्तक, त्यावर तिचं नाव आणि तारीख.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. अनाथाश्रमात जाऊन तिथल्या मुलांसमोर आपल्या मुलीचा केक कापू नका. हेतू चांगला असतो, मला ठाऊक आहे. पण तिथल्या मुलांना महिन्यातून चार वेळा अनोळखी माणसांच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायला रांगेत बसावं लागतं, आणि कित्येकांना स्वतःची जन्मतारीखही माहीत नसते. द्यायचं असेल तर संस्थेला फोन करून काय हवंय ते विचारा, तेच नेऊन द्या, फोटो न काढता परत या. झाड लावायचं असेल तर पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. त्यापेक्षा जवळच्या बागेतलं एखादं मोठं झाड निवडून दर वर्षी त्याच दिवशी त्याला भेटायला जाणं मला जास्त आवडतं.

मुलं बारा-तेराची झाली की ओवाळून घ्यायला लाजतात, पाटावर बसायला नको म्हणतात. तेव्हा ओढाताण करू नका. प्रथा बारीक करा, बंद करू नका. माझ्या मुलीने चौदाव्या वर्षी दार लावून घेतलं होतं. मी 'तू झालीस तो दिवस' कागदावर लिहून दाराखालून आत सरकवला. संध्याकाळी कागद बाहेर आला, त्यावर तिने एका जागी खूण करून लिहिलं होतं, "इथे मावशीचं वाक्य राहिलं." आता ती परदेशात असते. तिच्याकडे संध्याकाळचे साडेनऊ आणि इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा मी फोनच्या पडद्यासमोर निरांजन ओवाळते आणि ती तिकडे पडद्याला कपाळ लावते.

आता तुमच्यासाठी, येत्या ऑगस्टचं. हे सगळं एकदम सुरू करायचं नाही. औक्षण, गोष्ट आणि एक गोड पदार्थ, एवढंच या वर्षी. वही जमली तर घ्या. पदार्थ मुलीला विचारून ठरवू नका, ती पास्ता म्हणेल आणि पुढच्या वर्षी दुसरंच काही. तिच्या आवडीचं संध्याकाळी करा. सकाळचा पदार्थ घराचा असावा, कायमचा. आमच्याकडे गव्हल्यांची खीर असते. बारीक रवा दुधात घट्ट भिजवायचा, चांगला मुरला की चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये वळत गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे ताटात पाडायचे आणि वाळवायचे. माझ्या सासूबाईंच्या बोटांतून ते सुईच्या टोकासारखे निघायचे. पाच वर्षांच्या पोराच्या बोटांतून शेंगदाण्याएवढे. ज्याचा वाढदिवस त्याने वयाइतके गव्हले स्वतः वळायचे आणि ते बाकीच्यांत मिसळून टाकायचे. मग तुपावर परतून, शिजवून, दूध-साखर-वेलची घालून खीर झाली की प्रत्येक वाटीत शोधाशोध सुरू होते, हा जाडा गव्हला कुणाला आला? ज्याला आला तो ओरडतो.

गव्हले हे उन्हाळी कामातलं आहे, पावसाळ्यात नीट वाळत नाहीत. सांगलीच्या आजींच्या बरणीत या मे महिन्यातले असतीलच, फोन करून विचारा आणि कुणी येणार असेल त्याच्यासोबत मागवून घ्या. मुलीचे पाच तेवढे घरी वळायला लावा, आदल्या दिवशी, पंख्याखाली ताटलीत ठेवले तर पाच दाणे रात्रीत सुकतात. आणि पुढच्या मे महिन्यात तिला आठ दिवस आजीकडे पाठवा, गच्चीवर सतरंजी घालून दोघी बसल्या की सहा गव्हले कधी वळून होतील ते तिला कळणारही नाही.